एका पासावर दोघं

११ जानेवारी

उत्तरार्धास,

नमस्कार घालावा की नाही हे अजून ठरलेलं नाही. राग उतरला तर पत्राच्या शेवटी घालीन.

इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरून जाऊ नकोस. इथे सगळे जागच्या जागी आहेत. गेलं आहे ते सिनेमातलं माणूस. आमच्या सूनबाईने टीव्हीवर एक वाहिनी लावून दिली आहे, तिच्यावर दिवसभर जुनेच सिनेमे चालतात. काल दुपारी दीपगृहाचा सिनेमा लागला. आपला दीपगृहाचा! ज्याचं परीक्षण वाचून संपादक 'बरं जमलंय' म्हणाले होते, आणि त्या माणसाच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे इतरांनी हार घालून मिरवणूक काढण्यासारखं होतं.

पाय वर घेऊन बसलो. पहिला भाग मला तोंडपाठ. दीपगृहाचा रखवालदार, त्याची अंथरुणाला खिळलेली बायको, काच पुसायचं ते पिवळं फडकं. मग तो होडी घेऊन तिच्या औषधासाठी निघतो आणि वादळ सुटतं. इंटरव्हल. सवयीने उठून उभा राहिलो.

"बाबा, कुठे निघालात?" सूनबाई म्हणाली. "अर्धा राहिलाय अजून."

"माझा अर्धा झाला."

"म्हणजे? याचं तर तुम्ही परीक्षण लिहिलं होतं ना?"

"तेही अर्धंच लिहिलं."

मग तिला सगळं सांगावं लागलं. पेपर एका परीक्षणाला एकच पास द्यायचा आणि सदर होतं आपल्या दोघांचं. म्हणून इंटरव्हलपर्यंत मी आत बसायचो आणि नंतर तू. डोअरकीपरला सगळं ठाऊक होतं, मी बाहेर आलो की तो तुला आत सोडायचा. एकदा म्हणालाही होता, "तुम्ही दोघं लग्नाला गेलात तर एक जण वरण जेवत असेल आणि दुसरा भात." मग तुझा खेळ सुटेपर्यंत मी समोरच्या चहाच्या दुकानात बसायचो. तू आलास की मी सुरुवात सांगायची, तू शेवट सांगायचास. कप दोन आणि सिनेमा एक. ऑफिसात आपली खरी नावं पगाराच्या दिवसापुरती होती. एरवी मी पूर्वार्ध आणि तू उत्तरार्ध.

"म्हणजे तुम्ही एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही?" सूनबाईला हसू आवरेना.

"पाहिला नाही, ऐकलाय," मी म्हणालो. "पाहण्यापेक्षा चांगला ऐकलाय."

आणि बसलो पाहायला. आता नीट वाच. तू मला सांगितलं होतंस की वादळ शमतं, पहाटे होडी किनाऱ्याला लागते, तो धापा टाकत पायऱ्या चढतो, आणि त्याने टकटक करताच ती अंथरुणावरून उठते, भिंतीला धरून येते आणि दार उघडते. कसं उघडलं ते तू बशी सरकवून दाखवलं होतंस, थोडा चहाही सांडला होता. आणि काल काय झालं? तो दार ठोठावत राहतो. उघडायला कुणीही येत नाही. 'समाप्त'ची पाटीसुद्धा लगेच येत नाही, नुसतं ते बंद दार दिसत राहतं.

सुनेदेखत डोळे पुसायची वेळ आली माझ्यावर. आपलं प्रत्येक परीक्षण 'शेवट पडद्यावरच पाहावा' या वाक्याने संपायचं, म्हणून ही लबाडी कधी कुणाच्या ध्यानात आली नाही. आत जाऊन झोपत होतास का रे? की माझा पास घेऊन बाहेरच डोअरकीपरशी गप्पा मारत बसायचास?

खुलासा कर. नमस्कार नाही.

पूर्वार्ध


३० जानेवारी

उत्तरार्धास,

खुलासा आला नाही. तेव्हा मी आता रीतसर तपास सुरू केला आहे.

पुरावा दुसरा. गायिकेचा आवाज जातो तो सिनेमा. तू म्हणाला होतास, रुसून गेलेला भाऊ शेवटी बाहेर उभा राहून तिचंच गाणं गुणगुणतो, आणि ती उठून दार उघडते. परवा पाहिला. भाऊ येतच नाही. बाई खिडकीशी बसून राहते आणि वर दुसरीच कुणी तिचं गाणं गाते.

पुरावा तिसरा, ती कोर्टकचेरीची जाड कादंबरी. परीक्षणासाठी एकच प्रत यायची, ती आपण ब्लेडने मधोमध कापून वाटून घ्यायचो. ग्रंथपालबाई आपल्याला पुस्तकांचे खाटीक म्हणायच्या. काल त्यांच्याच वाचनालयातून तिची अखंड प्रत आणली. नव्या मुलीने विचारलं, "आजोबा, एवढी मोठी वाचणार?" म्हटलं, "अर्धी वाचून झाली आहे, उरलेली वाचायला जरा उशीर झाला." शेवटचं प्रकरण उभ्यानेच वाचलं. तुझ्या सांगण्यात धाकटी बहीण उठून थोरल्याला दार उघडते. छापलेल्या पुस्तकात ती आतून कडी घालते आणि कादंबरी संपते. अरे, निदान कडी तरी काढायची नव्हतीस!

फक्त गाण्यांत तुझी डाळ शिजली नाही. तबकडीची पहिली बाजू मी ऐकायचो, दुसरी तू, पण तबकडी शेवटी माझ्याच घरी यायची आणि आमच्या हिला दोन्ही बाजू पाठ असायच्या. "तुझ्या उत्तरार्धाने दुसरी बाजू झोपेत ऐकलीय," म्हणायची. ते असो.

शाळेतही हेच चालायचं. गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की पहिल्या कडव्यापुढे माझी गाडी जायची नाही. अजून जात नाही. सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिली.

पाखरु उडले, झाड एकटे,
पान पान मग पुसते, कोठे?

बस. पुढे पाटी कोरी. तेव्हा मागच्या बाकावरून तू शेवटचं कडवं म्हणून माझी सुटका करायचास, आणि गुरुजी म्हणायचे, "दोघांत मिळून एक विद्यार्थी आहे." मी तेव्हापासूनच तुझ्या शेवटांवर विसंबलेला.

आणि आपला शेवट? तो मात्र तू सांगितलाच नाहीस. नवे संपादक आले, मोठ्या मनाने दोन पास दिले. आपण पहिल्यांदा शेजारी शेजारी बसलो. सिनेमा एका आजारी बाईचा होता. इंटरव्हलनंतर तू सारखा चुळबुळ करत होतास, खुर्ची कुरकुरत होती, मागच्या माणसाने हटकलंही. शेवटी ती बाई एकटीच जाते. दिवे लागल्यावर मी एवढंच म्हणालो, "हल्ली शेवट असे का करतात रे? पूर्वी किती बरे असायचे." तू उठलास आणि चहा न घेता निघून गेलास. पुढच्या आठवड्यात सदर सोडलंस, मग गाव सोडलंस. आता लेकीकडे राहतोस असं कळलं. मी समजायचं ते समजलो. अख्खा पास मिळाल्यावर अर्धा माणूस कुणाला हवा असतो?

समीक्षक नव्हतास तू, भामटा होतास. उत्तर पाठव.

पूर्वार्ध


१८ फेब्रुवारी

प्रिय उत्तरार्धा,

आधीची दोन पत्रं जपून ठेवली असशील तर फाडून टाक.

काल सूनबाई भाजी निवडत होती, मी तिला माझे पुरावे ऐकवत होतो. ऐकता ऐकता तिने सहज विचारलं, "बाबा, हे सिनेमे आई बघायच्या का हो?" ती या घरात आली तोवर तिची सासू राहिली नव्हती, तिला काय ठाऊक असणार!

"बघायची नाही," मी म्हणालो. "ऐकायची."

आणि तिने निवडलेली भाजी मी परत देठांत मिसळू लागलो. सूनबाई बिचारी घाबरून पाणी घेऊन आली.

ती खोली तुला आठवत असेल. भिंतीला लागून पलंग, खिडकीच्या कट्ट्यावर औषधाच्या बाटल्या, आणि पलंगावरून सरळ समोर दिसणारं बाहेरचं दार. शेवटच्या वर्षांत तिचं सगळं जग तेवढंच होतं. दारावर टकटक झाली की ती पडल्या पडल्या, जुन्या सवयीने म्हणायची, "आले, आले!" आणि उठता तर यायचं नाही. मग जो कुणी आला असेल तो बाहेर उभा आणि ही आत ओशाळी. मी येऊन किल्लीने उघडेपर्यंत तसंच. तूही उभा राहिला आहेस त्या पायरीवर. त्या दिवशी तू आत आल्यावर बराच वेळ नुसता चपला काढत होतास.

खेळ संपला की मी चहाच्या दुकानातून थेट घरी यायचो आणि तिला सिनेमा सांगायचो, माझा अर्धा आणि तुझा अर्धा जोडून. शेवट आला की ती डोळे मिटून घ्यायची.

"तिने स्वतः उठून उघडलं?"

"स्वतः उठून."

"भिंतीला धरून?"

"छे! या वेळी तशीच, तरातरा."

"बघ," म्हणायची, जशी काही पैज जिंकली आहे. आणि त्या दिवशी औषध कुरकुर न करता घ्यायची.

मला वाटायचं, काय योगायोग आहे, सगळ्याच नायिका कशा शेवटी दार उघडतात! परीक्षणात एकदा लिहिणारही होतो तसं. तू खोडलंस. म्हणालास, "शेवटाविषयी लिहायचं नाही असं ठरलंय आपलं."

खात्री करायची म्हणून परवा मुद्दाम एक आणखी जुना सिनेमा पाहिला, ती हिंडतीफिरती होती त्या काळातला. खाणकामगाराचा. शेवट अगदी तू सांगितला होतास तसाच निघाला, वाईटातला वाईट, एकही माणूस शिल्लक नाही. म्हणजे तुला शेवट नीट दिसायचे, नीट सांगताही यायचे. ती अंथरुणाला लागली तेव्हापासून तू ते बदलायला लागलास.

आणि त्या दिवशी दिवे लागल्यावर तू का उठून गेलास तेही आता कळतं. दोन पासांवर शेजारी बसून तुला पुढे एकही दार उघडता येणार नव्हतं. वर मी म्हणालो, पूर्वीचे शेवट किती बरे असायचे! ती जाऊन तेव्हा किती थोडे दिवस झाले होते. तू खरं काय ते तोंडातून काढलं असतंस तर तिचे सगळे शेवट एका क्षणात गेले असते. म्हणून तू स्वतःच गेलास.

एक ओळ पाठव रे. शिवी दिलीस तरी चालेल.

नमस्कार. आधीच्या दोन पत्रांचेही.

पूर्वार्ध


१२ मार्च

प्रिय उत्तरार्धा,

तुझ्या लेकीचं पत्र आलं. अक्षर पाहून वाटलं, ही आपली मध्यंतर एवढी मोठी झाली? तू तिला बरोबर आणायचास, आपण जागा बदलत असताना ती डोअरकीपरच्या स्टुलावर बसून बिस्किट खायची, म्हणून सगळे तिला मध्यंतर म्हणायचे. तिने पत्राखाली सही तशीच केली आहे.

तिने लिहिलं आहे की तुझी नजर गेली, आणि झटक्यानंतर बोलणंही मोजक्या शब्दांवर आलं आहे. माझी पत्रं ती तुला वाचून दाखवते. पहिल्या पत्राला तू हसलास, दुसऱ्याला जास्त हसलास, भामटा शब्द दोनदा वाचायला लावलास. तिसरं वाचल्यावर भिंतीकडे तोंड केलंस. आणि संध्याकाळी कुणी न विचारता म्हणालास,

सांज उतरता कोणी बसले,
झाड मनाशी खुदकन हसले.

तिला काही कळेना, पण जसंच्या तसं लिहून पाठवलं. कळलं, कळलं! पण खरं सांग, हे आपल्या पुस्तकात होतं? की गुरुजींनाही तू तुझ्या मनचाच शेवट ऐकवत होतास? माझा आता तुझ्यावर अजिबात विश्वास नाही, आणि याहून गोड अविश्वास मी आजवर कुणावर ठेवलेला नाही.

पत्राच्या शेवटी तिने लिहिलं आहे, "काका, बाबा रोज एकच शब्द म्हणतात, 'सुरुवात'. काय हवंय त्यांना?" मी तिला काय सांगू? तू आयुष्यभर इंटरव्हलनंतर अंधारात शिरलास. एकही सुरुवात तू पाहिली नाहीस, माझ्याकडून ऐकल्यास तेवढ्याच.

तेव्हा सुरुवाती मी पाठवतो. आधी दीपगृहाची. पडदा उजळतो तेव्हा काहीच दिसत नाही, नुसती काचेवर फिरणाऱ्या फडक्याची किरकिर ऐकू येते...

(पुढची पानं मध्यंतर हळूहळू वाचेल. एका दिवशी एकच सिनेमा. तुझा हावरटपणा मला माहीत आहे.)

पूर्वार्ध


६ एप्रिल

प्रिय उत्तरार्धा,

आज एक मागणं आहे.

ती गेली त्या दिवशीचा सिनेमा तुला आठवतो? घड्याळजीचा. चहाच्या दुकानात तू मला शेवट सांगितलास, मी घरी गेलो, तिला सांगायला बसलो. इंटरव्हलपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "बाकीचं उद्या. आज डोळे मिटताहेत." तो एकच शेवट तिला सांगायचा राहिला. आणि तू काय सांगितलं होतंस ते माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं. किती आठवून पाहिलं, हाताला लागत नाही.

काल तो सिनेमा वाहिनीवर लागला. मी इंटरव्हलला टीव्ही बंद केला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता तर पासाची कटकट नाही, बघा की पुढचं." म्हटलं, "पुढचं माझं नव्हे."

माझा अर्धा ऐक. गावाच्या टोकाला घड्याळजीचं एकखणी घर. आत त्याची बायको अंथरुणात. भिंतीभर लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. ती म्हणते, "या घरात कधीच उशीर होत नाही, कुठल्या ना कुठल्या घड्याळात आपण वेळेवर असतोच." नदीपलीकडचं मोठं घड्याळ बंद पडतं, त्याला बोलावणं येतं. तो तिच्या उशाशी एक छोटं घड्याळ चालू करून ठेवतो, "हे थांबायच्या आत येतो," म्हणतो. काम लांबतं. परत निघतो तेव्हा पहाट आहे आणि दाट धुकं. तो पुलाच्या मधोमध येतो. मागचं टोक दिसत नाही, पुढचंही दिसत नाही. कुठून तरी टिकटिक ऐकू येते, ती त्याच्या पिशवीतली की घरातली ते कळत नाही. तो उभाच राहतो. इंटरव्हल.

पास घे. डोअरकीपर दार धरून उभा आहे. मी चहा सांगून बसलो आहे, तुझ्या कपावर बशी पालथी घालून ठेवलीय, चहा ऊन आहे तोवर ये. जे तेव्हा सांगितलं होतंस तेच सांग, नाहीतर आज सुचेल ते. मला चालेल.

तुझा
पूर्वार्ध


४ मे

प्रिय मध्यंतर,

तुझं पत्र पोचलं. उघडायच्या आधीच कळलं होतं, पाकीट फार पातळ होतं.

तू लिहिलंस, घड्याळजीची सुरुवात बाबांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतली. पुलावरच्या धुक्यापाशी आलीस की ते बोट वर करायचे, थांब म्हणून. मग तू वही घेऊन बसलीस, "बाबा, आता शेवट सांगा, काका वाट बघताहेत." ते म्हणाले, "या वेळी त्याला सांगू दे." त्यानंतर बोलले नाहीत.

आणि पुढे तू लिहिलंस ते मी एकदाच वाचू शकलो. दवाखान्यात तू औषध आणायला खाली गेलीस, रांग होती, वर आलीस तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हतं आणि ते गेलेले होते. "काका, ते एकटेच गेले. मी थांबायला हवं होतं." असं तू लिहिलं आहेस. तिथे शाई पसरलेली आहे.

बाळ, मी जन्मभर सुरुवाती सांगणारा माणूस. शेवटाचं काम तुझ्या बाबांचं, त्यांच्यासारखं मला जमणार नाही. पण पास माझ्या हातात देऊन गेलेत, तेव्हा आत जाणं भाग आहे. तू स्टुलावर बस. बिस्किट घे. ऐक.

धुकं आहे. तुझे बाबा पुलाच्या मधोमध उभे आहेत. त्यांना वाटतं, आपण एकटेच आहोत. तू औषधाच्या रांगेत आहेस, आणि ते बरंच आहे, कारण पुलावर सोबत नेता येत नाही, तिकडच्या टोकाला कुणी असावं लागतं. ते कान देतात. टिकटिक पिशवीतली नाही, समोरून येते आहे. नजर गेलेल्या माणसाला धुक्याचं काय मोठंसं? आपल्याला अडखळायला होतं, ते सरळ चालत जातात. पूल संपतो. पायाखाली ओळखीची पायरी लागते. एकदा याच पायरीवर ते फार वेळ उभे राहिले होते, आतून आवाज येत होता आणि दार उघडत नव्हतं. म्हणून आताही जरा थबकतात. चपला काढण्यात वेळ घालवतात. मग हलकेच टकटक करतात.

आतून आवाज येतो, "आले, आले!"

आणि ऐकतेस ना? भिंतीला धरून नव्हे. तशीच, तरातरा. दार तिने स्वतः उठून उघडलं.

तुझा
काका